फोनमध्ये ४के कॅमेरा आला, मग सिनेमा स्वस्त का झाला नाही? आयर्लंडच्या दोन छोट्या सिनेमांचा हिशोब

नवा फोन लाँच झाला की स्टेजवर एक वाक्य हमखास येतं: आता अख्खा सिनेमा स्टुडिओ तुमच्या खिशात. मग चार दिवस रील्सवर तेच चालतं. ‘बजेट नाही’ हे कारण आता संपलं, फोन उचला आणि शूट करा, वगैरे. ऐकायला भारी वाटतं. पण हे वाक्य खरं किती आणि मार्केटिंग किती, हे तपासायला एक चांगली केस आहे आणि ती आयर्लंडमध्ये आहे.

आयर्लंडच का? देश एवढासा. लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे एकट्या मुंबईत त्याहून कितीतरी जास्त लोक राहतात. शेजारी ब्रिटन, समुद्रापलीकडे हॉलिवूड आणि बहुतेकांची रोजची भाषा इंग्रजीच. आयरिश लोकांनी एकही सिनेमा काढला नाही तरी तिथली थिएटरं ओस पडणार नाहीत. तरीसुद्धा तिथून असे छोटे सिनेमे आले की ज्यांचं नाव ऑस्करपर्यंत गेलं. आणि सध्या तिथलं सरकार छोट्या सिनेमांसाठी टॅक्सचे नियम बदलतंय, कलाकारांना आठवड्याला ठरावीक पैसे देतंय. हे सगळं कशासाठी, ते कळायला दोन सिनेमांचा हिशोब मांडावा लागतो.

पहिला ‘वन्स’, २००७ मध्ये जगभर पोचलेला. खर्च सुमारे १ लाख १२ हजार युरो. दुसरा ‘अन कालीन क्यून’, म्हणजे ‘शांत मुलगी’, २०२२ चा. खर्च सुमारे १२ लाख युरो. एका युरोचे ढोबळ शंभर रुपये धरले तर एक कोटी बारा लाख आणि बारा कोटी. मधल्या पंधरा वर्षांत कॅमेरे कितीतरी चांगले आणि स्वस्त झाले. खर्च मात्र जवळजवळ अकरा पट. गणित कुठे अडतंय?

रस्त्याच्या पलीकडून शूट केलेला सिनेमा

‘वन्स’ची गोष्ट साधी आहे. डब्लिनच्या रस्त्यावर गिटार वाजवून पैसे मागणारा एक गायक आणि चेक देशातून आलेली एक मुलगी भेटतात, एका आठवड्यात गाणी लिहितात, रेकॉर्ड करतात. दिग्दर्शक जॉन कार्नी. हिरोच्या भूमिकेत आधी किलियन मर्फी होता. हो, तोच ‘ओपनहायमर’वाला. तो बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग निर्मातेही पैसे घेऊन बाहेर पडले. मग कार्नीने ज्याच्याकडून गाणी लिहून घेतली होती त्या ग्लेन हॅन्सर्डलाच हिरो केलं. हॅन्सर्ड ‘द फ्रेम्स’ या बँडचा गायक, कार्नी पूर्वी त्याच बँडमध्ये बेस वाजवायचा. आणि हॅन्सर्डने खरोखर डब्लिनच्या रस्त्यांवर गाऊन पैसे कमावले होते. मुलीच्या भूमिकेत मार्केटा इर्ग्लोव्हा, शूटिंगच्या वेळी अवघी १७ वर्षांची. दोघेही नट नव्हेत, संगीतकार.

जानेवारी २००६ मध्ये १७ दिवसांत शूटिंग उरकलं. कॅमेरे सोनीचे एचडीव्ही. आजच्या भाषेत सांगायचं तर हा लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे असायचा त्या जातीचा कॅमेरा. छोट्या टेपवर रेकॉर्डिंग, सेन्सर १/३ इंचाचा, रिझोल्यूशन १४४०×१०८०, म्हणजे साधारण साडेपंधरा लाख पिक्सेल. तुमच्या फोनचा ४के व्हिडिओ ३८४०×२१६० असतो, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. पाचपटीपेक्षा जास्त. सेन्सरही आजच्या चांगल्या फोनमध्ये त्यापेक्षा मोठा असतो. तर मुद्दा लक्षात घ्या: ज्या कॅमेऱ्यावर शूट केलेल्या सिनेमातल्या गाण्याला २००८ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यापेक्षा बरा कॅमेरा आज तुमच्या हातात आहे. रीलवाले इथपर्यंत बरोबर आहेत.

पण कार्नीने त्या कॅमेऱ्याचं जे केलं ते बघा. रस्त्यावरचे सीन त्याने परवानगी न घेता शूट केले. कॅमेरा लांब ठेवला आणि झूम लावला. जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांना शूटिंग चालू आहे हेच कळलं नाही. त्यामुळे गर्दीचे पैसे द्यावे लागले नाहीत, रस्ता अडवावा लागला नाही, आणि आयुष्यात कधी अभिनय न केलेले दोघे जण कॅमेरा विसरून बोलायला लागले. काही संवाद तर तिथल्या तिथे सुचलेले आहेत. इंजिनीअरच्या नजरेने बघितलं तर हे अफाट आहे. सिस्टीमची मर्यादा लपवायचा प्रयत्न नाही, उलट तिच्याभोवतीच सगळं डिझाइन केलंय. चित्र थोडं खरखरीत आहे, प्रकाश जेमतेम आहे, आणि गोष्टही तशाच माणसांची आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकतो, कारण फोनवर शूट करणारे नेमके इथेच आपटतात. कॅमेरा लांब नेला की चित्र झूमने जवळ येतं, आवाज येत नाही. आवाजासाठी नटाच्या कपड्यांत लपवलेला माईक लागतो, नाहीतर फ्रेमच्या बाहेर कुणीतरी माईक धरून उभं राहावं लागतं. आमच्या ऑफिसमधल्या एका मित्राने तीन शनिवार-रविवार घालवून फोनवर शॉर्टफिल्म केली. चित्र खरंच सुंदर. पण निम्म्या संवादांवर मागच्या रिक्षांचा हॉर्न आणि पंख्याची घरघर. शेवटी त्याने संवाद काढून वर म्युझिक टाकलं आणि ‘एक्सपरिमेंटल’ म्हणून अपलोड केली. प्रेक्षक धूसर चित्र चालवून घेतो, न ऐकू येणारा संवाद नाही. ‘वन्स’ सगळा गाण्यांवर उभा आहे, त्यामुळे तिथे तर आवाज हाच मुख्य माल होता.

आता पैशांकडे. १ लाख १२ हजार युरोंपैकी सुमारे तीन चतुर्थांश आयरिश फिल्म बोर्डाने दिले, म्हणजे सरकारी पैसा. उरलेल्यात कार्नीचे स्वतःचे पैसे होते. त्याने स्वतःचं मानधन दोन्ही मुख्य कलाकारांना देऊन टाकलं आणि सिनेमा चालला तर सगळ्यांना नफ्यात वाटा देईन असं कबूल केलं. पार्टीचा सीन हॅन्सर्डच्याच घरात झाला, पाहुणे म्हणून त्याचे मित्र आले, आणि त्यात गाणारी एक बाई हॅन्सर्डची आई आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २००७ मध्ये सनडान्स फेस्टिव्हलमध्ये प्रेक्षकांचा पुरस्कार, अमेरिकेत फॉक्स सर्चलाइटने रिलीज केला, जगभरात दोन कोटी डॉलरच्या वर कमाई. नंतर त्यावर ब्रॉडवेचं म्युझिकल आलं आणि त्याने २०१२ मध्ये आठ टोनी पुरस्कार घेतले.

पण १ लाख १२ हजार हा आकडा मला नेहमी थोडा फसवा वाटतो. ही सिनेमाची किंमत नाही, सवलतीची किंमत आहे. दिग्दर्शकाने सोडलेलं मानधन, मित्रांचा वेळ, घराचं न घेतलेलं भाडं, न काढलेली परवानगी, पुढच्या नफ्याच्या भरवशावर केलेलं काम, हे सगळं त्यात शून्य रुपये म्हणून लिहिलंय. ओपन सोर्स सॉफ्टवेअरसारखंच आहे हे. आपण म्हणतो लायब्ररी फुकट आहे. फुकट नसते. कुणीतरी नोकरी करून रात्री जागून ती सांभाळत असतं, फक्त त्याचं बिल आपल्याकडे येत नाही. आणि एकदा मित्रांना असं राबवता येतं. दुसऱ्या सिनेमाला तेच मित्र फोन उचलतीलच असं नाही.

१९८१ सालच्या रस्त्यावर झूम लावता येत नाही

‘अन कालीन क्यून’ अगदी वेगळ्या जातीचा सिनेमा. क्लेअर कीगन या लेखिकेची ‘फॉस्टर’ नावाची छोटी कादंबरी आहे, मूळ इंग्रजीत. काळ १९८१. घरात मुलं बरीच, लक्ष द्यायला कुणी नाही, अशा घरातली नऊ वर्षांची कॉइत उन्हाळ्यापुरती लांबच्या नातेवाइकांकडे पाठवली जाते. तिथे तिला पहिल्यांदा कुणीतरी प्रेमाने आंघोळ घालतं, केस विंचरतं, बोलायला वेळ देतं. एवढंच. मारामारी नाही, मोठं रहस्य नाही. दिग्दर्शक कॉलम बॅरेड, निर्माती क्लिओना नी ख्रुअली. बॅरेडचा हा पहिलाच मोठ्या लांबीचा कथापट. त्याने गोष्ट इंग्रजीतून उचलून मुख्यतः आयरिश भाषेत आणली.

हा निर्णय केवढा मोठा ते आकड्यांवरून कळेल. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी ‘आम्हाला आयरिश येतं’ असं सांगितलं, म्हणजे सुमारे ४० टक्के. पण शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे किती? सुमारे ७२ हजार. म्हणजे आयर्लंडमधल्या बहुतेक प्रेक्षकांनीही आपल्याच देशाच्या पहिल्या अधिकृत भाषेतला हा सिनेमा खालची सबटायटल्स वाचत बघितला. सिनेमात मुलीचा बाप इंग्रजी बोलतो, तिला जीव लावणारी माणसं आयरिश बोलतात. भाषण नाही, घोषणा नाही, पण भाषा कुठल्या घरात ऊब देते ते कानावर पडत राहतं. मला हे फार आवडलं.

आता यात ‘वन्स’ची ट्रिक चालेल का बघा. रस्त्यावर कॅमेरा लपवून ठेवला तर फ्रेममध्ये काय येणार? आजच्या गाड्या आणि प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन. १९८१ दाखवायचं तर गाडी, स्वयंपाकघर, कपडे, वॉलपेपर, बिस्किटाचा पुडासुद्धा शोधून आणावा लागतो. मुख्य भूमिकेत लहान मुलगी आहे, म्हणजे तिने दिवसाला किती तास काम करायचं यावर बंधनं येतात, आणि ती जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये आहे. शिवाय शूटिंग २०२० चं, कोविडच्या ऐन काळातलं. यातली एकही गोष्ट कॅमेरा स्वस्त झाल्याने स्वस्त होत नाही.

फोनने मात्र या सिनेमाला एका जागी खरी मदत केली, आणि ती जागा रीलवाल्यांना सुचणार नाही. आयरिश माध्यमाच्या शाळांमध्ये फिरून मुलगी शोधायचं ठरलं होतं. लॉकडाउनमुळे ते बंद पडलं. मग घरीच व्हिडिओ करून पाठवा असं आवाहन केलं गेलं. असे जे व्हिडिओ आले त्यातून कॅथरीन क्लिंच सापडली. तिने आधी कधी सिनेमात काम केलं नव्हतं. तिचा चेहरा बघितला की कळतं, या मुलीशिवाय हा सिनेमा उभाच राहिला नसता. म्हणजे स्वस्त कॅमेऱ्याने शूटिंगचं बिल कमी केलं नाही, पण ज्या घरापर्यंत कास्टिंगवाले पोचू शकत नव्हते तिथपर्यंत दार उघडलं.

सिनेमा फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्लिन फेस्टिव्हलला दाखवला गेला, तिथे बालचित्रपटांच्या विभागात आंतरराष्ट्रीय ज्युरीचा मुख्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या आयरिश फिल्म पुरस्कारांत त्याने ‘बेलफास्ट’सारख्या मोठ्या सिनेमाला मागे टाकलं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या थिएटर्समध्ये दहा लाख युरोंच्या वर कमावणारा हा पहिला आयरिश भाषेतला सिनेमा. आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या अंतिम पाचांत नाव आलं, आयरिश भाषेच्या सिनेमासाठी पहिल्यांदाच. त्या वर्षी भारताची अधिकृत एंट्री गुजराती ‘छेल्लो शो’ होती. ती पंधरांच्या यादीपर्यंत गेली, पाचांत नाही. ज्या रात्री आपण ‘नाटू नाटू’साठी टाळ्या वाजवल्या, त्याच रात्री हा सिनेमा जर्मन ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’कडून हरला.

मग पैसा आला कुठून

इंडिपेन्डन्ट सिनेमा म्हणजे ज्याच्या मागे कुठलाही मोठा स्टुडिओ एकरकमी चेक घेऊन उभा नाही. त्याचं बजेट गोधडीसारखं असतं: एक तुकडा फिल्म बोर्डाचा, एक टीव्ही चॅनेलचा, एक टॅक्स सवलतीचा, एक वितरकाचा. प्रत्येक तुकड्याची अट वेगळी, आणि एक निसटला की बाकीचेही निसटतात. ‘वन्स’चे निर्माते हिरोच्या मागोमाग गेले ते असंच. सॉफ्टवेअरमध्ये याला आपण डिपेन्डन्सी म्हणतो, आणि एक डिपेन्डन्सी तुटली की बिल्ड का पडतं हे या साइटच्या वाचकांना सांगायला नको.

आयर्लंडने आयरिश भाषेसाठी हा गुंता सोडवायला २०१७ मध्ये ‘सिने फोर’ नावाची योजना काढली. आयरिश भाषेचं टीव्ही चॅनेल टीजी फोर, सरकारी संस्था स्क्रीन आयर्लंड आणि तिथलं ब्रॉडकास्टिंगचं नियामक मंडळ, तिघांनी मिळून पैसे द्यायचे. निर्मात्याने तीन दारं वेगवेगळी ठोठवायची गरज नाही, एकाच ठिकाणी अर्ज. बजेट छोटं, पण हमखास. ‘अन कालीन क्यून’ यातूनच आला. म्हणजे लोक ज्याला ‘छोट्या भाषेचा चमत्कार’ म्हणतात, त्याच्यामागे एक कंटाळवाणा अर्जाचा फॉर्म आहे.

मागे वळून बघितलं तर या यंत्रणेने चटकेही खाल्लेत. आयरिश फिल्म बोर्ड १९८० मध्ये सुरू झालं, १९८७ मध्ये पैसे वाचवायला बंद केलं, १९९३ मध्ये पुन्हा चालू केलं. ते चालू करणारे मंत्री मायकल डी. हिगिन्स, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. आज टीजी फोर म्हणून ओळखलं जाणारं चॅनेलही त्यांच्याच काळात, १९९६ मध्ये आलं. म्हणजे १९९० च्या दशकात पेरलेलं २०२२ मध्ये उगवलं. पंचवीस वर्षांहून जास्त. आपल्याकडे फोनचं अपडेट दोन वर्षं मिळालं तरी आपण खूश होतो.

सेक्शन ४८१: सरकारचं कॅशबॅक

आता सध्याच्या बातमीकडे येऊ. आयर्लंडमध्ये सिनेमासाठी सगळ्यात मोठी सवलत म्हणजे ‘सेक्शन ४८१’. २०१५ पासून ती टॅक्स क्रेडिटच्या रूपात आहे. सोप्या भाषेत, हे कॅशबॅक आहे. आयर्लंडमध्ये केलेल्या पात्र खर्चावर ३२ टक्क्यांपर्यंत सरकार परत देतं, आणि कंपनीला तेवढा टॅक्स भरायचा नसला तरी रोख मिळतात. फक्त पात्र खर्च हा एकूण खर्चाच्या ८० टक्क्यांपुरताच धरतात, आणि वरची मर्यादा १२.५ कोटी युरो आहे.

ही मर्यादा बघूनच कळतं की योजना कुणाला बोलावतेय. ‘वेन्सडे’चा दुसरा सीझन आयर्लंडमध्ये शूट झाला तो काही फक्त तिथल्या ढगांसाठी नाही. अशा मोठ्या मालिका आल्या की शेकडो लोकांना काम मिळतं, तंत्रज्ञ तयार होतात, स्टुडिओ उभे राहतात. हे सगळं चांगलंच. पण त्याच वेळी गावातला चांगला साउंड रेकॉर्डिस्ट सहा महिने मोठ्या पगारावर बुक होतो, आणि बारा लाख युरोंचा सिनेमा करणाऱ्याला तो परवडत नाही. बंगळूर-पुण्यात मोठी कंपनी आली की छोट्या स्टार्टअपमधल्या पोरांचं काय होतं ते आठवा. अगदी तसंच.

म्हणून ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये आयर्लंडने ‘श्केल अपलिफ्ट’ जाहीर केलं. श्केल म्हणजे आयरिशमध्ये गोष्ट. २ कोटी युरोंपर्यंतच्या सिनेमांना ३२ ऐवजी ४० टक्के. २०२५ मध्ये ते लागू झालं.

हे प्रत्यक्षात किती होतं? १२ लाख युरोंचा एक सिनेमा धरा, सगळा खर्च आयर्लंडमध्येच. पात्र रक्कम त्याच्या ८० टक्के, म्हणजे ९ लाख ६० हजार. जुन्या दराने परतावा ३ लाख ७ हजार २००. नव्या दराने ३ लाख ८४ हजार. फरक ७६ हजार ८०० युरोंचा. मोठ्या मालिकेच्या हिशोबात हे सुटे पैसे आहेत. छोट्या सिनेमात मात्र यात अजून काही दिवसांचं शूटिंग होतं, किंवा आवाजाचं काम घाईत न उरकता नीट करता येतं.

पण नियमांत खाली एक ओळ आहे, ती वाचून मी थांबलो. सेक्शन ४८१ साठी सिनेमाचा एकूण खर्च किमान २ लाख ५० हजार युरो आणि पात्र खर्च किमान १ लाख २५ हजार युरो असावा लागतो. ‘वन्स’चा सगळा खर्च मिळून १ लाख १२ हजार होता. म्हणजे ज्या सिनेमाचं उदाहरण देऊन जग आयरिश इंडी सिनेमाचं कौतुक करतं, तो तसाच आज बनवायचा ठरवला तर या कॅशबॅकच्या दारातच अडवला जाईल. अर्थात यामागे कारण आहे. प्रत्येक अर्ज तपासायला माणसं लागतात, अगदी छोट्या रकमांसाठी ते परवडत नाही. तरीही माझं मत विचाराल तर नव्या मुलांसाठी खरी अडचण इथे आहे. छोटा सिनेमा म्हणजे बारा लाख युरोंचा सिनेमा, असं सरकारने ठरवलंय. फोन घेऊन निघालेल्याला या योजनेत खिडकीच नाही. त्याला फिल्म बोर्डाच्या छोट्या अनुदानांवर आणि मित्रांवरच अवलंबून राहावं लागतं.

कलाकारांवर केलेली ए/बी टेस्ट

दुसरी योजना मला त्याहून भन्नाट वाटते. २०२२ मध्ये आयर्लंडने कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग सुरू केला. २००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो, काय बनवलं याचा हिशोब न मागता. पात्र अर्जांमधून नावं लॉटरीसारखी निवडली. आणि ज्यांना हे पैसे मिळाले नाहीत अशा १००० जणांचा तुलनेसाठी वेगळा गट ठेवला. तुम्ही ॲप बनवत असाल तर ओळखलंच असेल, ही सरळसरळ ए/बी टेस्ट आहे. सरकारने कलेवर पैसे खर्च करताना कंट्रोल ग्रुप ठेवणं हे फारसं बघायला मिळत नाही. तीन वर्षांचा प्रयोग नंतर २०२६ पर्यंत वाढवला, आणि ऑक्टोबर २०२५ च्या बजेटमध्ये ही योजना पुढे चालवण्याचं जाहीर झालं.

ही योजना सिनेमापुरती नाही. लेखक, चित्रकार, संगीतकार सगळे त्यात आहेत. पण ‘वन्स’च्या हिशोबातले ते शून्य रुपये आठवा. मित्रांचा वेळ, सोडलेलं मानधन. ३२५ युरोंची योजना नेमकी त्या शून्याच्या जागी काहीतरी लिहिते. कॅमेऱ्याची किंमत बाजाराने खाली आणली. घरभाडं बाजाराने खाली आणलं नाही, आणि डब्लिनमध्ये तर ते भयंकर आहे.

आता ‘फोन उचला’च्या जागी ‘प्रॉम्प्ट टाका’ आलंय. एआयने व्हिडिओ बनतो, मग सेट कशाला, नट कशाला. १९८१ चं स्वयंपाकघर एआय करून देईल, मान्य. बॅकग्राउंडमधली आजची गाडी पुसून टाकेल, तेही मान्य, आणि छोट्या निर्मात्याने ते जरूर वापरावं. पण ७२ हजार लोक रोज बोलतात त्या भाषेतलं, एका विशिष्ट भागाच्या वळणाचं वाक्य एक मुलगी किती वेळ थांबून बोलेल, हे त्याला कळायला मुळात तसा मजकूर हवा, आणि तो नेटवर जेमतेम आहे. छोट्या भाषेत काम करणाऱ्यांना हे साधन सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाईट मिळतं. मराठीत व्हॉइस टायपिंग करणाऱ्या कुणालाही विचारा.

थिएटरचा खर्च तर मी अजून धरलाच नाही. थिएटरला तुमची एमपी४ फाइल चालत नाही. तिथे डीसीपी नावाचं पॅकेज लागतं, ज्यात प्रत्येक फ्रेम वेगळी दाबलेली असते आणि डेटाचा वेग सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जातो. दीड तासाचा सिनेमा म्हणजे जास्तीत जास्त सुमारे १७० जीबी. त्यावर सहसा कुलूप असतं, आणि ठरावीक थिएटरला ठरावीक दिवसांपुरती किल्ली पाठवतात. त्याआधी रंगांचं काम, आवाजाचं मिक्सिंग, सबटायटल्स. ‘वन्स’च्या काळात बहुतेक थिएटर्समध्ये अजून ३५ एमएमची रिळंच चालायची, त्यामुळे हा भाग आता नक्कीच स्वस्त झालाय. पण शून्य झालेला नाही.

जाता जाता बघणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘अन कालीन क्यून’ची फ्रेम मुद्दाम जवळजवळ चौकोनी ठेवलीय, १.३७ : १, जुन्या सिनेमांसारखी. केट मॅककलो या सिनेमॅटोग्राफरने मुलीच्या नजरेएवढंच जग दाखवलंय. तिला जे अजून कळत नाही ते फ्रेमच्या बाहेर राहतं. तुमचा फोन आडवा धरला की स्क्रीन साधारण २०:९ असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ३८ टक्के जागा काळी दिसेल. दोन बोटांनी ताणून ती भरू नका. ताणलं की वरचं-खालचं मिळून तेवढंच चित्र कापलं जातं, आणि ती सबटायटल्स चित्रातच छापलेली असतील तर तीही जातात. हेडफोन लावा. या सिनेमात विहिरीचं पाणी, केसांतून फिरणारा ब्रश आणि मुलीच्या धावत्या पावलांचा आवाज संवादांइतकाच बोलतो, आणि फोनच्या स्पीकरवर यातलं अर्धं ऐकूच येत नाही.